जिरीचे कान

या अंकाच्या संपादकांचा मला फोन आला तो बिबट्यासाठी. जुन्नर-आंबेगावातला माणूस भेटला की बाहेरच्याला एकच विचारायचं असतं, बिबट्या बघितला का? त्यात माझा सगळा जन्म ढोरांच्या दवाखान्यात गेलेला. म्हणाले, तात्या, उसातल्या बिबट्याचे दोन-चार प्रसंग लिहून द्या. मी म्हणलं, बिबट्या तुम्हाला कोणीही लिहून देईल. ज्यानं बघितला नाही तो तर लईच चांगला लिहील. मी मांजराच्या कानावर लिहिणार.

पलीकडून म्हणाले, "कानावर?"

म्हणलं, "कानाच्या आत."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझं लिहिणं माझ्यासारखंच आहे, वळवलं तर वळत नाही. ज्याला बिबट्या पाहिजे त्यानं पुढचं पान उलटावं, माझी हरकत नाही.

सरकारी कागदावर माझं पद परिचर. म्हणजे जनावर धरायचं, दावं आवळायचं, जखमा धुवायच्या, भांडी उकळायची, आणि डॉक्टर फिरतीवर गेले की दारात बसून लोकांना "येत्यात, बसा" म्हणायचं. माझ्या बापानं धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं गोड बोलून बघितलं, अडवून बघितलं. बाप हलला नाही. त्याच्या पोरानं जिती ढोरं धरायची नोकरी धरली. हे मी छाती पुढं काढून सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

आमच्याकडं यायच्या गाई, म्हशी, बैल, शेळ्या. मांजर आणणारा माणूस चोरासारखा यायचा. पिशवीत, नाहीतर टोमॅटोच्या क्रेटमधी घालून, वर दुसरा क्रेट पालथा, सुतळीनं बांधलेला. रांगेतली माणसं म्हणायची, "काय राव, दूध किती देती?" सगळे हसायचे. मीही हसायचो. मांजराला कसला दवाखाना, असंच माझं मत होतं, आणि माझं मत मी सहसा बदलत नाही.

ते बदललं आमच्या म्याडमनी. विदर्भाकडच्या होत्या, आवाज बारीक, पण म्हशीच्या मागं उभ्या राहिल्या की म्हैस गप. एक दिवस त्यांनी एका मांजराच्या कानातला मळ काचेच्या पट्टीवर घेतला, तेलाचा थेंब टाकला आणि मला दुर्बिणीला डोळा लावायला लावला. सूक्ष्मदर्शकाला आम्ही दुर्बीणच म्हणायचो.

आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी चाललं. गोल, दुधासारखं, आरपार दिसणारं, पाय असलेलं. तळ्याच्या तळाशी कासव चालावं तसं सावकाश. एकामागं दुसरं आलं. बाहेर म्हशी हंबरत होत्या, कोणीतरी मला हाका मारत होतं. मी कुठंतरी लांब गेलो होतो. डोळा काढला तेव्हा भिंत, बाक, औषधाचं कपाट सगळं नव्यानं रंगवल्यासारखं दिसलं.

म्याडम म्हणाल्या, "कानातले गोचीडच समजा, तात्या. पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यानं जेमतेम ठिपका दिसतो."

तेव्हापासून मी मांजरांचे कान बघायला लागलो. ओट्यावर, चावडीपाशी, कोणाच्या लग्नात पंगतीला बसलो तरी. बायको म्हणायची, "माणसाशी बोला की जरा."

तुम्हाला सांगून ठेवतो, घरात मांजर असेल तर उपयोगी पडेल. असं मांजर मागच्या पायानं कान खाजवतं, खाजवता खाजवता मान वाकडी करून डोळे मिटतं. मधीच डोकं झटकतं. वाळत घातलेलं धोतर वाऱ्यावर फडकावं तसा त्या कानांचा आवाज येतो. कानामागचे केस जातात, ओरखडे पडतात. मग कान उजेडाकडं धरून आत बघायचं. आत चहाचा चोथा दिसला, कोऱ्या चहाचा, गाळणीत राहून वाळलेला, काळपट आणि भुरभुरीत, तर समजायचं हे पाव्हणे आलेत. पिवळं पाणी आणि घाण वास असेल तर दुसरा रोग. दोन्ही एकदम पण असतात. म्हणून डॉक्टरला दाखवल्याशिवाय कानात थेंबसुद्धा घालायचा नाही. मांजराचा कान सरळ आत जात नाही. आधी खाली उतरतो, मग माळशेज घाटातल्या रस्त्यासारखा आत वळतो. वळणापलीकडं पडदा असतो. तो फाटलेला असला आणि तुम्ही वरून औषध ओतलं, तर मांजर दारू प्यायल्यागत कोलमडतं.

आणि म्हशीचं औषध तर अजिबात नाही. निरगुडसरचा एक पाव्हणा क्रेट घेऊन पळत आला. आत मांजर थरथरत होतं, तोंडातून लाळ.

मी विचारलं, "काय घातलं?"

"काय न्हाई, तात्या. म्हशीचंच गोचिडाचं औषध. म्हशीच्या मानानं लईच थोडं घातलं, अंदाज करूनच."

"पाव्हणं, मांजर म्हंजी बारकी म्हैस न्हवं."

म्याडमनी साबणानं धुतलं, सुया दिल्या. मी त्याला पोत्यात गुंडाळून दिवसभर मांडीवर धरून बसलो. ते वाचलं. सगळी वाचत नाहीत. म्हणून लिहिलं.

आता जिरीकडं येतो.

बाजारपेठेत एक भुसार दुकान होतं, जैनांचं. त्यांचे आजे-पणजे कधीतरी मारवाडातून आलेले, पण ही माणसं बोलायला आपल्यासारखीच. गल्ल्यावर कांतीशेठ. मागच्या खोलीत त्यांची आई. तिला सगळी पेठ मोठ्या बाई म्हणायची. बाईंना ऐकू कमी यायचं. मुलानं कानातलं मशीन आणून दिलं होतं, ते डब्यात पडलेलं. म्हणायच्या, "त्यात सगळंच ऐकू येतं. सगळं ऐकून मी काय करू?"

ऐकायचं काम जिरीकडं होतं. जिऱ्याच्या रंगाची मांजर, ज्वारीच्या थप्पीवर बसलेली. बाई धान्य निवडत बसायच्या आणि अधूनमधून जिरीकडं बघायच्या. जिरीचा उजवा कान वळला तर दुकानात गिऱ्हाईक. डावा वळला तर मागच्या दाराला कोणीतरी. दोन्ही कान ताठ पुढं झाले की बाई म्हणायच्या, "कांती आला." आणि कांतीशेठची चप्पल त्यानंतर वाजायची. मी हे बघितलेलं आहे.

बाई धान्य निवडायच्या ते पण सांगतो. ज्वारीत सोंडा-किडा निघाला तर मारायचा नाही. मऊ कुंचल्यानं मातीच्या पसरट परळात घ्यायचा, बरोबर चार दाणे टाकायचे आणि मागच्या अंगणात रामफळाच्या सावलीला नेऊन ठेवायचा. उन्हात ठेवायचा नाही.

मी एकदा म्हणलं, "बाई, ते परत पोत्यात येत्यात."

"येतील. मी परत नेईन."

"आन जिरी उंदीर मारती त्याचं काय?"

"तिला मी सांगितलं नाही. पोटभर दूध-पोळी घालते. पुढचं तिचं तिच्यापाशी."

तर या जिरीचे कान फडफडायला लागले. नोकरीचे माझे शेवटचे दिवस होते, म्याडमनी मला बघून यायला पाठवलं. दुपारची वेळ. वरच्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप खाली आलेली आणि ज्वारीची धूळ तिच्यात पोहत होती. जिरीच्या कानात तोच चोथा. मी म्हणलं, औषधानं बरी होईल, पण पाव्हणे मरायला लागतील. बाईंचा कुंचला थांबला.

"किडे आहेत आत?"

मला वाटलं, म्हातारीला दाखवलं म्हणजे पटेल. माणसाला रोग डोळ्यानं दिसला की तो औषधाला नको म्हणत नाही, हे मी दवाखान्यात शिकलेलो. मी माझी काळी छत्री उघडून तिरिपीत आडवी धरली. कापसाचा बोळा हलकेच कानात फिरवला आणि छत्रीच्या कापडावर झटकला. कांतीशेठचं हिशेबाचं भिंग आणून बाईंच्या हातात दिलं.

काळ्या कापडावर पांढरे ठिपके. आधी निवांत. मग ऊन लागल्यावर त्यातला एक निघाला. दुसरा निघाला. आभाळातल्या चांदण्यांनी जागा बदलाव्यात तसं ते दिसत होतं. बाई वाकून बघत राहिल्या. जिरी पण बघत होती. दुकानातला तराजूचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला.

"त्यांना पाय आहेत," बाई म्हणाल्या.

"हायेत की. चालत्यात त्याच्यावरच तर वळकायचं."

"हा बघा, हा मागं राहिला. हळू चालतो."

भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "औषध नको, भाऊ."

कांतीशेठनी डोक्याला हात लावला. "तात्या, तुमाला कुणी दाखवायला सांगितलं व्हतं? धूळ हाय म्हणायचं, औषध घालून मोकळं व्हायचं!"

"आईपुढं खोटं बोलायचं व्हय मी?" म्हणून मी पण तापलो.

बाईंनी आपली वाट काढली. कोरड्या कापसानं काढता येतील तेवढे काढायचे आणि तो कापूस परळात घालून रामफळाखाली ठेवायचा. मी हट्टी, त्या माझ्यापेक्षा हट्टी. दवाखाना सुटला की जायचो. जिरीला पंच्यात सुरळीच्या वडीसारखी गुंडाळायचो, नुसतं डोकं बाहेर. बाहेरचा मळ पुसायचा, काडी-बिडी आत घालायची नाही. बाई परळ घेऊन उभ्या. पण घाटाच्या वळणापलीकडं माझा कापूस पोचत नव्हता, आणि पोचूही नये.

एक दिवस बाईंनी विचारलं, "सावलीत ठेवले, तर जगतात ना ते?"

खोटं माझ्याच्यानं झालं नाही. "न्हाई जगत. थोडेच दिवस काढत्यात. कानाबाहेर त्यांला खायला कायच न्हाई."

"म्हणजे त्यांचं घर तेच."

"घर जिरीचं हाय, बाई. हे न बोलावता आलेले."

"घर कुणाचं, ते मी कोण ठरवणार?"

माझा तोल गेला. म्हणलं, "मग बसा त्यांच्या पंगती घालीत. मांजराला कुणी इचारलं?" आणि पंचा झटकून निघालो. दारापर्यंत गेलो तर मागून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यातही आहे ना? जीव मारायचा नाही म्हणून?"

आहे. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढं रोज सकाळी पंचशील म्हणतो आम्ही. पहिलं शील तेच. जन्मभर म्हणत आलो आणि जन्मभर ढोरांच्या अंगावरची गोचिडं मारत आलो. दोन्हीची कधी गाठ पडली नव्हती. एक सकाळचं, एक दहा वाजल्यानंतरचं.

मी पेठेतून जायचं बंद केलं, नदीकडच्या रस्त्यानं जायला लागलो. पण त्या दिवसांत मला चमत्कारिक स्वप्नं पडायची. मी जिरीच्या कानात चालत उतरतोय. दोन्ही बाजूला मऊ, गुलाबी भिंती, सकाळच्या धुक्यात उजेड असतो तसा उजेड. घाटाच्या वळणावर ते दुधाळ कासवासारखे बसलेले. लांबून कोणीतरी हाक मारतंय, पण आवाज वळणावर अडतोय, पुढं येत नाही. जाग आली की उशीवरच कान घासत असायचो.

मग एक दिवस कांतीशेठ स्वतः दवाखान्यात आले. त्यांचा टोमणा नव्हता, काही नव्हतं. "तात्या, आई बोलावतीय. जिरीचा कान फुगलाय."

गेलो. खाजवून, झटकून कानातली बारीक रक्तवाहिनी फुटली होती, कान पुरीसारखा टम्म. मान एका बाजूला. आणि पोटात पिल्लं. पिल्लं झाली की आईच्या कानातले पाव्हणे पहिल्यांदा त्यांच्या कानात जाणार, हे मला दिसत होतं. बाई तिच्याशेजारी पोत्यावर बसलेल्या. ज्वारीचं सूप तसंच, न निवडलेलं.

म्हणाल्या, "कांती मागच्या दाराला हाका मारत होता. मी ऐकलं नाही, ते नेहमीचं. पण जिरीनंही ऐकलं नाही. मी तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं बघत होती. तो दार वाजवून वाजवून पुढून आला."

मी तिचा फुगलेला कान तळहातावर धरून बघितला.

"मी ठरवलंय. औषध द्यायचं. पण मी घालणार, तुम्ही नाही."

"का? माझा हात वंगाळ हाय का?"

"हात चांगला आहे म्हणूनच. करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि चाललंय ते बरं म्हणणं, आमच्यात तिन्ही सारखंच. तुमच्याकडून करवलं तर पाप माझं आहेच, वर तुमचंही. मग एकटीनंच केलेलं बरं."

"बाई, माझ्या नावावर गोचिडांचे डोंगर हायेत. त्यात चिमूटभर पडलं तर काय फरक पडतोय? मी करतो."

"तुमच्या पापावर माझी मांजर बरी व्हायला नको."

"आन तुमच्या पापावर व्हावी?"

"माझी आहे ती. मी आणलीय घरात."

कांतीशेठ दारातून ओरडले, "आवो, पाप नंतर वाटून घ्या की! मांजर मरंल तवर!"

रिक्षात बसून बाई दवाखान्यात आल्या. मांडीवर टोपली, टोपलीत जिरी. रांगेत म्हशी, कालवडी. कोणीतरी म्हणायला तोंड उघडलं, दूध किती देती. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

म्याडमनी कानात बॅटरी धरून बघितलं. पडदा शाबूत होता. म्हणाल्या, "थोडक्यात निभावलं. आणखी उशीर नको होता." फुगलेल्या कानातलं रक्त काढलं, पट्टी केली. मग पिल्लं असलेल्या मांजरीला चालेल असं औषध काढलं. लहानशी नळी, मानेवर केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडायचे, जिथं मांजराची जीभ पोचत नाही तिथं. ते अंगात भिनून कानापर्यंत जातं. घरात दुसरं मांजर, कुत्रं असेल तर त्यालाही द्यायचं. आणि एकदा देऊन भागत नाही. अंडी राहिलेली असतात, म्हणून म्याडम सांगतील तेव्हा परत. लोक इथंच चुकतात. चोथा दिसायचा थांबला की औषध थांबवतात, आणि महिन्यानं परत क्रेट घेऊन दारात.

बाईंनी हे सगळं दोनदा विचारून घेतलं. दोनदा करायचं म्हणजे दोनदा. त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं, हे मला कांतीशेठनी नंतर सांगितलं.

मी जिरीला पंच्यात गुंडाळून धरलं. बाईंनी नळी हातात घेतली. ती परत टेबलावर ठेवली, जिरीच्या कानाशी वाकल्या, पट्टी नसलेल्या कानाशी, आणि हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." त्यांच्यात पर्युषणाच्या शेवटी एकमेकांची क्षमा मागताना म्हणतात ते. पेठेतल्या माणसांना म्हणताना मी ऐकलं होतं. मांजराच्या कानातल्यांना म्हणताना तेव्हाच ऐकलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्या मोठ्यानं बोलल्या. म्याडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मलाही हात जोडावेसे वाटले. पण माझे दोन्ही हात जिरीत गुंतले होते. सोडले असते तर ती पळाली असती. तेवढं राहिलं.

मग बाईंनी केस बाजूला केले आणि थेंब सोडले. एकही सांडला नाही.

दुसऱ्या खेपेलाही त्याच आल्या, तशाच उपाशी. तोवर जिरीची मान सरळ झाली होती. फुगलेला कान बरा झाला, पण टोकाला जरा चुरगळलेला राहिला, घडी पडलेल्या पानासारखा. पिल्लं ज्वारीच्या थप्पीमागं झाली. त्यांचे डोळे उघडल्यावर मी एकेकाचे कान तिरिपीत धरून बघितले. ऊन कानातून आरपार जात होतं. आत काही नव्हतं. नुसता गुलाबी उजेड. मी बघतच राहिलो, तर बाई म्हणाल्या, "भाऊ, चहा गार होतोय."

तेवढ्यात जिरीचे दोन्ही कान पुढं झाले, चांगला आणि चुरगळलेला. बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "कांती आला." मागं चप्पल वाजली.

मोठ्या बाई आता नाहीत. जिरीपण नाही. तिच्या वंशातली एक माझ्याकडं आहे, तिच्याच रंगाची. मला अलीकडं ऐकू कमी येतं. मशीन आहे, डब्यात आहे. सकाळी तसबिरीपुढं मेणबत्ती लावून बसतो, ती शेजारी येऊन झोपते. मी पंचशील म्हणायला लागतो. पहिल्याच शीलाला माझा आवाज हल्ली जरा अडतो, पूर्वी अडत नव्हता. अडला की झोपेतच तिचा एक कान माझ्याकडं वळतो, आणि मी पुढं म्हणेपर्यंत तसाच राहतो.